शिपायाच्या हातातल्या चिपळ्या

ज्या घरात 'श्री गजानन विजय' ग्रंथ आहे, त्या घरात एकदा विचारून बघा, हा लिहिला कोणी? मी परभणी, सेलू, नांदेडकडच्या नातेवाइकांना विचारलं. 'दासगणू महाराज' हे उत्तर लगेच आलं, कारण पोथीत ते नाव पुन्हापुन्हा येतं. दासगणू म्हणजे कोण, या पुढच्या प्रश्नावर मात्र बहुतेकांनी खांदे उडवले. असतील कोणी जुने संत.

ते पोलीस शिपाई होते. नाव गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. जन्म १८६८ चा, नगर जिल्ह्यातल्या अकोळनेरचा. मृत्यू १९६२ साली, पंढरपुरात. म्हणजे गांधीजींच्या आधी एक वर्ष जन्मलेला हा माणूस नेहरू पंतप्रधान असतानापर्यंत जगला. तरी आपण त्याला 'जुने संत' म्हणून तुकारामांच्या शेजारच्या फोटोत बसवून टाकतो. पोथी लिहिणाऱ्यांचं असंच होतं. पोथी जितकी जास्त वाचली जाते, तितका लेखक पुसट होत जातो.

मला दासगणूंबद्दल लिहायचंय ते त्यांचं संतपण सांगण्यासाठी नाही. ते काम त्यांच्या भक्तांनी चोख केलंय. मला त्यांची लेखक म्हणून, त्याहीपेक्षा कीर्तनकार म्हणून, नीट तपासणी करायची आहे. कारण आमच्या जिल्ह्यात त्यांच्यासारख्यांनी बांधलेल्या कथांवर आज मंदिरं उभी आहेत, निधीच्या घोषणा होतात आणि दोन गावांचं भांडणही झालं आहे.

आधी माणूस. तरुणपणी गणू शिपाई लावण्या रचायचे, तमाशात रमायचे. कविता हाताशी, सरकारी नोकरी हाताशी आणि डोक्यात एकच ध्यास, फौजदार व्हायचं. नानासाहेब चांदोरकर हे बडे महसुली अधिकारी. त्यांच्या दिमतीला असताना ते पहिल्यांदा शिर्डीला गेले, तेही काही भक्तीच्या ओढीनं नाही. साहेब गेले म्हणून शिपाई गेला. साईबाबांनी नोकरी सोडायला सांगितली, आणि हे आज सोडतो, उद्या सोडतो करत राहिले. फौजदारकी मिळू दे, मग सोडतो, हा त्यांचा युक्तिवाद. आयटीत काम करणाऱ्या कुणालाही हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. पुढचं प्रमोशन झालं की सोडणारच आहोत आपण सगळे.

शेवटी १९०३ मध्ये नोकरी सुटली. त्याआधीची कान्ह्या भिल्लाची गोष्ट त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. कान्ह्या दरोडेखोर म्हणून सरकारला हवा होता. त्याचा माग काढायला गणू शिपाई साधूच्या वेशात एका राममंदिरात जाऊन बसले. कान्ह्याला सुगावा लागला, तो समोर येऊन उभा राहिला, आणि शिपायानं रामाची मूर्ती धरून शपथ घेतली, वाचलो तर ही नोकरी सोडीन. वाचले.

ही गोष्ट भक्तीची म्हणून सांगितली जाते. मला ती वाचताना आधी प्रश्न पडतो तो कान्ह्याचा. ब्रिटिश राजवटीतल्या पोलीस दप्तरातला एक भिल्ल, ज्याची बाजू कुठल्याच पोथीत नाही. तो या कथेत फक्त एका ब्राह्मण शिपायाचा वैराग्याकडचा प्रवास सुरू करून द्यायला येतो आणि निघून जातो. संतकथांमध्ये अशी पुष्कळ माणसं असतात, ज्यांचं काम कथानायकाला वळवणं एवढंच असतं. पण याच गोष्टीत आणखी एक गंमत आहे. साधूचा वेश आधी सोंग होता. पुढं आयुष्यभर तोच खरा झाला. आणि आतला शिपाई काही मेला नाही.

माझं म्हणणं असं आहे की दासगणूंच्या कथनात हा शिपाई सतत हजर असतो. त्यांच्या गोष्टीत बहुतेक वेळा एक संशय घेणारा माणूस असतो. तो तपास करायला येतो, टिंगल करतो, परीक्षा घेतो, पुरावा मागतो. मग काहीतरी घडतं आणि तो शरण जातो. 'गजानन विजय'चे २१ अध्याय चाळले तर हा साचा वारंवार दिसतो. हा साचा जुन्या संतचरित्रांतही आहे, महीपतींनी तो मराठीत पक्का केला. पण दासगणूंच्या हातात त्याला वेगळी धार येते, कारण संशय घेणारा आणि मग वाकणारा माणूस ते स्वतः होते. चौकशी कशी चालते हे त्यांना ठाऊक होतं.

आता संगीत. आपल्याकडे कीर्तन म्हटलं की डोळ्यासमोर वारकरी कीर्तन येतं: मागं टाळकऱ्यांची रांग, पखवाज, एक अभंग घेऊन त्याचं निरूपण. दासगणूंचं कीर्तन नारदीय घराण्यातलं. त्यात आधी पूर्वरंग असतो, म्हणजे एखादं पद घेऊन तत्त्वाची मांडणी. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान: एखाद्या संताची किंवा राजाची पूर्ण गोष्ट. ती साकी, दिंडी, आर्या, कटाव, ओवी अशा चालींमधून पुढं जाते, मध्ये गद्य बोलणं, मध्ये विनोद, पेटी आणि तबल्याची साथ. एकपात्री नाटक आणि गाण्याची मैफल यांच्या मधली ही कला आहे. लावणी रचणारा माणूस इथं का शोभला, हे लगेच कळतं. शब्द तालावर कसा पडतो, श्रोता कुठं हसतो, कुठं गप्प होतो, हे फडावर शिकलेलं ज्ञान त्यांनी देवळात आणलं.

'साईसच्चरिता'त त्यांच्या कीर्तनाच्या पोशाखाची गोष्ट आहे. फेटा, अंगरखा, उपरणं असा सगळा थाट करून ते बाबांपुढं गेले. बाबांनी विचारलं की हा नवरदेव कुठं निघाला, अशा अर्थाचं काहीतरी, आणि तो सगळा थाट उतरवायला लावला. तेव्हापासून उघडं अंग, गळ्यात हार, हातात चिपळ्या. नारदाचा वेश. भक्त याला गुरूची आज्ञा म्हणतील. मला ही एका दिग्दर्शकाची फार नेमकी सूचना वाटते. ज्या माणसाच्या अंगावर आयुष्यभर गणवेश होता, त्याच्या अंगावरून शेवटचा गणवेशही काढून घेतला.

याच 'साईसच्चरिता'त ठाण्याच्या कौपीनेश्वर मंदिरातल्या त्यांच्या कीर्तनाचा प्रसंग आहे. श्रोत्यांत चोळकर नावाचा एक गरीब उमेदवार, नोकरी अजून पक्की नाही. कीर्तन ऐकून त्यानं नवस केला: परीक्षेत पास झालो, नोकरी कायम झाली, तर शिर्डीला येऊन खडीसाखर वाटीन. पास झाला, पण भाड्याला पैसे नव्हते, म्हणून चहातली साखर बंद करून ते साठवले. शिर्डीला गेल्यावर बाबांनी याला भरपूर साखर घातलेला चहा द्या असं सांगितलं. चमत्कार मानायचा की नाही हे बाजूला ठेवा. मला यात कीर्तनाचा श्रोता दिसतो. उमेदवारीवरचा कारकून. साखर परवडत नाही असा. दासगणू कोणासाठी गात होते याचा याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही. आणि हे कीर्तन फुकट होतं. त्यांनी कीर्तनाची बिदागी घेतली नाही, हे सगळे आठवणी सांगणारे एकमुखानं सांगतात. सेवा हा शब्द आज फार स्वस्त झालाय. इथं त्याचा अर्थ साधा आहे, काम करायचं आणि पैसे घ्यायचे नाहीत. शिर्डीची रामनवमी तर बाबांनी १९१४ पासून त्यांच्याकडेच सोपवली होती. बाबांच्या मागे शिर्डी संस्थानाचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं.

इथपर्यंत कौतुक. आता सेलू.

दासगणूंचं 'भक्तलीलामृत' १९०६ चं. साईबाबा तेव्हा हयात होते, आणि छापील मराठीत त्यांची कथा सांगणाऱ्या पहिल्या ग्रंथांपैकी हा एक. त्यांच्याच 'भक्तिसारामृता'चा २६ वा अध्याय थेट आमच्या परभणी जिल्ह्यात घडतो. एका फकिराच्या घरचं मूल सेलूच्या गोपाळराव देशमुखांकडे येतं. गोपाळराव म्हणजे मोठे वतनदार, आणि व्यंकटेशाचे भक्त. ते या मुलाला आपलं मानतात. गावातल्या लोकांना ते खुपतं, मुलावर विटा फेकल्या जातात, त्यातली एक गोपाळरावांना लागते. मग दूध न देणाऱ्या काळ्या गायीचं दूध निघतं, ते मुलाला पाजलं जातं, आणि गुरूची सगळी शक्ती शिष्यात उतरते. तोच मुलगा म्हणजे पुढचे साईबाबा. बाबा ज्यांना गुरू म्हणून 'व्यंकुशा' म्हणत, ते हेच, असा याचा अर्थ लावला गेला.

आख्यान म्हणून हा अध्याय उत्तम आहे. मोठ्यानं वाचून बघा. वीट येते तिथं ओवीची गती बदलते, दूध काढण्याच्या प्रसंगाला ती संथ होते. मत्सरी गाव, जखमी गुरू, वांझ गाय: तीन चित्रांत काम झालं. कीर्तनातल्या श्रोत्याला एवढंच लक्षात ठेवून घरी जायचं असतं.

पण चरित्र म्हणून? तिथं हा अध्याय ढासळतो. साक्षीदार कोण, ही गोष्ट कुणी कुणाला सांगितली, कोणत्या साली, काही नाही. पंचनाम्यात ज्या दोन ओळी सर्वांत आधी लिहायच्या असतात, त्याच माजी शिपायानं गाळल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर टाइमस्टॅम्प नसलेला लॉग. सिस्टीममध्ये काय घडलं ते वाचता येतं, पण कधी आणि कुणी केलं ते नाही. गोपाळराव पूर्वजन्मीचे रामानंद आणि तो मुलगा पूर्वजन्मीचा कबीर, अशीही सांगड घातलेली आहे. ही सांगड मला कथेतली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अडचणीची गोष्ट वाटते. मशिदीत राहणारा, अंगावर कफनी घालणारा, 'अल्ला मालिक' म्हणणारा एक माणूस. त्याला एका वैष्णव ब्राह्मण देशमुखाच्या मांडीवर बसवलं की पंढरपूरच्या श्रोत्याची मोठी अडचण सुटते. कबीर-रामानंदाची जुनी कथा हाताशी होतीच. दासगणूंनी बाबांना मराठी भक्तिपरंपरेत जागा मिळवून दिली, हे खरं. त्या बदल्यात बाबांचं फकीरपण थोडं धुऊन काढलं, हेही खरं. शिर्डीला पंढरपूर म्हणणारी त्यांची आरती ऐकताना हे मनात येतंच.

तरी त्यांना फक्त 'धुऊन काढणारे' ठरवणं अन्यायाचं होईल. शिर्डीच्या काकड आरतीत त्यांचंच एक हिंदुस्थानी भाषेतलं पद आहे, फकिरापुढं झोळी पसरावी तशा विनवणीचं. भाषाही बदलली, चालही. दोन्ही दासगणूंचेच. त्यांना या दोन्हींत विरोध दिसत नव्हता, आपल्याला दिसतो. हा फरक त्यांच्या काळाचा की आपल्या काळाचा, यावर मी अजून अडकलेलो आहे.

सेलूपासून पाथरी फार लांब नाही. साईबाबा मूळचे पाथरीचे, ही म्हाळसापतींच्या नावावर सांगितली जाणारी आठवण. तिचा धागा धरून विश्वास खेर यांनी सत्तरच्या दशकात पाथरीत चौकशी केली आणि भुसारी घराण्यापर्यंत पोचले. पुढं तिथं मंदिर झालं. गंमत म्हणजे याच खेरांनी सेलूचे गोपाळराव बाबांचे गुरू असणं मान्य केलं नाही, काळ जुळत नाही म्हणून. म्हणजे एकाच जिल्ह्यातल्या दोन गावांच्या दोन कथा एकमेकींना आधारही देतात आणि छेदही. मग जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी १०० कोटींची घोषणा केली आणि १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुन्या पोथ्यांच्या पानांचे फोटो पुरावा म्हणून फिरत होते. ओव्या कोर्टात दाखल करावेत तशा.

हे भांडण वाईट होतं कारण दोन्ही बाजूंनी आख्यानाला कागदपत्र मानलं. आख्यान खोटं नसतं. ते वेगळं काम करतं. कीर्तनकार श्रोत्यांपुढं उभा राहतो तेव्हा त्याला एका रात्रीत समोरच्या माणसाला हलवायचं असतं, महसुली नोंद करायची नसते. आमच्या जिल्ह्याला हे कळायला हवं होतं. गंगाखेडची जनाबाई आमचीच. तिच्या घराचा उतारा कुणी मागत नाही, कारण तिचे अभंग आहेत. साईबाबांनी काही लिहिलं नाही, म्हणून त्यांच्याबद्दल इतरांनी लिहिलेल्यावर सगळा भार आला. तो भार दासगणूंच्या ओव्या पेलू शकत नाहीत, आणि तो त्यांच्यावर टाकणं ही त्यांची चूक नाही.

आणि तरीही ते चौकशी करू शकत नव्हते असं नाही. नांदेडचे रतनजी वाडिया, पारशी कंत्राटदार, मूल होत नव्हतं म्हणून दासगणूंच्या सांगण्यावरून शिर्डीला गेले. बाबांनी पाच रुपये दक्षिणा मागितली आणि म्हणाले की यातले तीन रुपये चौदा आणे तर मला आधीच मिळालेत. रतनजी तर पहिल्यांदाच आलेले. गोंधळून त्यांनी परत आल्यावर दासगणूंना विचारलं. दासगणूंनी आठवण काढली की शिर्डीला निघण्यापूर्वी रतनजींनी नांदेडच्या एका मौलीसाहेबांचा सत्कार केला होता. हे मौलीसाहेब हमालीचं काम करणारे, लोक त्यांना अवलिया मानत. दासगणूंनी त्या दिवशीच्या खर्चाचा हिशेब मागवला. बेरीज बरोबर तीन रुपये चौदा आणे.

इथं शिपाई पूर्ण शुद्धीवर आहे. खर्चाची यादी मागवणं, बेरीज करणं. आणि त्यानं काढलेला निष्कर्ष सेलूच्या अध्यायाच्या अगदी उलट दिशेला जातो. एका पारशी माणसानं एका मुसलमान हमालाला घातलेलं जेवण शिर्डीच्या फकिराला पोचलं. मध्ये देशमुख नाही, वैष्णव गुरू नाही, पूर्वजन्म नाही. मला विचाराल तर दासगणूंशी जोडलेल्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत चांगली आहे, आणि ती त्यांच्या पोथीत नाही, दाभोळकरांच्या पोथीतून पोचते. कदाचित म्हणूनच ती इतकी कमी सजवलेली आहे.

नांदेड ही त्यांची कर्मभूमी झाली, गोरटे इथं त्यांच्या नावाचं मोठं स्थान आहे. हा सगळा मुलूख तेव्हा निजामाचा. सरकारदरबाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हेच. अशा काळात देवळाच्या सभामंडपात तीन तास अखंड मराठी ऐकायला मिळणं ही बारीक गोष्ट नव्हती. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही वृत्त, म्हण, विनोद, इतिहास कानावाटे मिळत होता. मनमाड ते सिकंदराबाद रेल्वेवर परभणी, सेलू, नांदेड ही गावं आहेत आणि मनमाडकडून शिर्डी जवळ. या मार्गानं मराठवाडा शिर्डीशी कसा जोडला गेला यावर कुणीतरी नीट अभ्यास करायला हवा. मी त्यातला नाही, पण वाचीन.

'गजानन विजय' १९३९ चं. महाराजांची समाधी १९१० ची. म्हणजे दासगणू जवळपास तीन दशकांनंतर लिहीत होते, आणि वय सत्तरीच्या पुढं. इथं त्यांचा हात सर्वांत मोकळा आहे. भाषा इतकी साधी की माझी आजी, चौथी शिकलेली, तीन दिवसांत पारायण करायची आणि कुठं अडायची नाही. अकोल्यातल्या शिवजयंतीच्या सभेत लोकमान्य टिळक आणि गजानन महाराज एकत्र येतात तो भाग वाचा. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्याच्या तोंडावरचा काळ. राजकारण आणि अध्यात्म एका मंचावर बसवण्याचं धाडस, आणि ते करताना टिळकांना लहान न करणं, हे कौशल्य आहे. उणीव सांगायची तर स्त्रिया. त्या येतात, नवस करतात, जेवण वाढतात, जातात. बोलतात फार थोड्या.

म्हणून शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ती दासगणूंनी स्वतः इतरांना सांगितली असणार, नाहीतर 'साईसच्चरिता'त ती येतीच ना. ईशावास्य उपनिषदावर ते मराठीत टीका लिहीत होते. एका ठिकाणी अर्थ सुटेना, त्यागातून भोग म्हणजे नेमकं काय. बाबांनी सांगितलं, काकासाहेब दीक्षितांची मोलकरीण तुझी शंका सोडवील. सगळे हसले. पंडिताची शंका, आणि मोलकरीण.

दासगणू विलेपार्ल्याला दीक्षितांकडे उतरले. सकाळी एक मुलगी भांडी घासत गात होती, नारिंगी रंगाच्या कुणाच्या तरी साडीचं, तिच्या काठांचं वर्णन करत. स्वतःच्या अंगावर फाटकं लुगडं. दासगणूंना वाईट वाटलं, त्यांनी सांगून तिला नवी साडी मिळवून दिली. दुसऱ्या दिवशी ती साडी नेसून आली, खेळली, नाचली. तिसऱ्या दिवशी नवी साडी घरी ठेवून परत तेच फाटकं नेसून आली. आणि तितकीच खुशीत गात होती.

दासगणूंची शंका तिथं सुटली. त्यांनी तिला काही विचारलं नाही, कसलीही परीक्षा घेतली नाही. त्यांच्याशी जोडलेली ही एकच गोष्ट मला माहीत आहे जिच्यात चमत्कार नाही आणि कुणी कुणाच्या पायाही पडत नाही. गाणं मात्र आहे, आणि ते दासगणूंचं नाही. मुलीचं नाव पोथीत कुठंच नाही. दीक्षितांकडचा गडी नाम्या, त्याची बहीण, एवढीच तिची नोंद.